कंपाउंडरची वडी

बापूराव कंपाउंडर दर सोमवारी सकाळी जालन्याच्या मोंढ्यात जाऊन कापसाच्या काट्यावर स्वतःचं वजन करून घेत. टांगलेला मोठा तराजू, एका पारड्यात लोखंडी मापं आणि दुसऱ्यात टोपी सांभाळत मांडी घालून बसलेले बापूराव. पहिले काही सोमवार हे पाहायला गर्दी जमायची. पुढे लोकांना सवय झाली. वजन वाढलं असेल तर ते मुकाट्यानं उतरत. कमी भरलं तर काट्याच्या मालकाला, मालकाच्या बापाला आणि त्या काट्यावर शिक्का मारून गेलेल्या सरकारला शिव्या घालत उतरत. "शेतकऱ्याला तर मारूनच राह्यला, आता मलाबी मारतो का रे?"

मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. दिवसा हायस्कुलात शिकवतो आणि संध्याकाळी गावातलं वाचनालय सांभाळतो. वाचायला तिथे फारसं कोणी येत नाही, पण अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि कार्यकारिणी मात्र भरलेली आहे. बापूरावांचा राग मी भिंतीपलीकडून बारा वर्षं ऐकला. काही माणसं रागावतात. बापूराव रागातच राहत, जसं कोणी भोकरदनला राहतं किंवा मंठ्याला. सकाळी नळाला पाणी नाही म्हणून राग, आलं तर गढूळ म्हणून राग. पोस्टमनवर पत्र आणलं नाही म्हणून, आणि आणलं तर "आता हे कोण मेलं" म्हणून.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "शिजवा आधी, मंग बोला." नगरपालिकेची निवडणूक असो, पोरीचं लग्न असो की नव्या प्रांतरचनेवरचा वाद असो, समोरच्याचं म्हणणं अर्ध्यावर तोडून बापूराव म्हणत, "कच्चं आहे हे. शिजवा आधी, मंग बोला." वाक्य फिरत फिरत गावभर गेलं. मुलं वर्गात मला ऐकवू लागली.

बापूराव निजामाच्या फौजेत कंपाउंडर होते. लढाईत मलायाला गेले आणि तिथे जपान्यांच्या हाती सापडले. साडेतीन वर्षं कैदेत काढून परत आले. पोलीस ॲक्शननंतर फौजच मोडली, तेव्हापासून कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या दवाखान्यात पुड्या बांधत होते. मलायाबद्दल कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "रबराची झाडं होती." पुढे विचारलं तर, "लई होती." तिसरा प्रश्न विचारायची कोणाची छाती नव्हती.

त्या साडेतीन वर्षांत घरी पत्र नाही की तार नाही. गल्लीनं मनातल्या मनात अंबूकाकूंना, म्हणजे बापूरावांच्या बायकोला, विधवा ठरवून टाकलं होतं. बोलून दाखवायचं तेवढं बाकी होतं. तेव्हा काकूंनी देवापुढे दूध सोडलं. दूध, दही, ताक, लोणी, तूप, सगळं, आणि तेही जन्मभरासाठी. माणूस जिता परत येऊ दे, एवढंच मागणं. माणूस परत आला. काकू म्हणाल्या, "देवानं त्याचा शब्द पाळला, आता माझा मी पाळते." यावर बापूराव जे बोलले ते भिंतीतून मला शब्दशः ऐकू आलं होतं, पण देवाच्या बाबतीत ते छापता येण्यासारखं नाही.

मुळात काकूंचं खाणं चिमणीचं. त्यात दूध गेलं. दहा वर्षांत त्या वाळत वाळत अशा झाल्या की लुगड्यात माणूस आहे की नाही, हे वारा सुटल्यावरच कळावं. एके दिवशी भरलेली कळशी उचलताना मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडं पोकळ झालीत, रोज शेरभर दूध प्या. पुन्हा पडलात तर उठणार नाही. काकू हसल्या. "ते सोडलंय हो मी," म्हणाल्या, जसं कोणी तपकीर सोडल्याचं सांगावं.

गल्लीला मात्र हे फार आवडलं. हळदीकुंकवाला बायका काकूंच्या पाया पडू लागल्या. एका संक्रांतीला तर कोणीतरी त्यांना ओवाळायला निघालं. बापूराव आतून पळीसकट बाहेर आले. "पूजा कसली करता तिची? मेली की करा. आत्ता तिला खायला घाला!" बायका पांगल्या. मी ओट्यावर होतो. माझ्याकडे वळून म्हणाले, "मी जिता आलो म्हणून माझ्या जिवाचं भाडं हिच्या हाडांतून चाललंय, मास्तर. अन् हे लोक आरती घेऊन राह्यले!"

त्या वाक्यानंतर मी त्यांच्या रागाला हसणं कमी केलं.

तिथून ती वडी सुरू झाली. नागपूरच्या कोणा बियाणंवाल्याकडून त्यांनी पिवळट गोल दाण्यांची पिशवी मागवली. सोयाबीन. काकूंचा भाऊ धावड्याला शेती करतो, त्याच्या मागे लागून बांधाच्या कडेनं ते पेरायला लावलं. मेव्हणा दर पावसाळ्यात कुरकुरायचा, "दाजी, बैलबी तोंड लावंना याला." या मातीत हे पीक कोणी कधी मनापासून घेईल, असं मलाही वाटत नाही. पण बापूरावांना दरसाल दोन पायल्या दाणे मिळत, आणि तेवढ्यावर त्यांचं चाले.

परसात पत्र्याची शेड होती. दर दोन दिवसांनी ते आत शिरत आणि आतून कडी लावत. रात्रभर भिजवलेले दाणे चोळून सालं काढायची. पाट्यावर पाणी घालघालून वाटायचं. जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं. जे पांढरं पाणी खाली येई ते मोठ्या पातेल्यात तीनदा उकळायचं. त्यात कोमट पाण्यातलं मीठ सोडलं की ते फाटे. मग फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवायचा. तासाभरानं पांढरी, घट्ट, थरथरती लादी निघे. तिकडे मलायात तिला टोफू की तौहू असं काहीतरी म्हणतात. हा शब्द त्यांनी मला एकदाच सांगितला आणि परत उच्चारू दिला नाही. "वडी म्हणायचं."

त्या वड्या करडईच्या तेलात परतून ते येसराच्या, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाच्या, आमटीत सोडत. येसर कडक असल्यामुळे दाण्यांचा हिरवट वास दबे. काकूंना सांगितलं होतं, डाळीची वडी आहे. ते खोटं नव्हतं. वाताची भीती म्हणून त्यांना वाढण्याआधी स्वतः चाळीस दिवस खाऊन पाहिली होती. मोंढ्यातलं वजन त्यासाठीच सुरू झालं, पुढे ती सवयच पडली. नाडी, जीभ, झोप, शौच, सगळ्यांवर लक्ष. चाळीस दिवसांनी मला गंभीरपणे सांगितलं, "पहिला आठवडा पोटात वारा धरतो. नंतर काई न्हाई. पण कच्चं राह्यलं तर बाधतं. तीन उकळ्या पाहिजेत म्हणजे पाहिजेत."

गावाचं वैद्यकीय मत वेगळं होतं. फाडायला वापरायचं ते मीठ दवाखान्यातलं जुलाबाचं मीठ आहे, हे बाहेर फुटल्याबरोबर निम्म्या गावाला नुसत्या ऐकण्यानं मुरडा आला. आमच्या कोपऱ्यावरचे त्र्यंबकशास्त्री वैद्य यांनी वडी न पाहताच ती वातुळ, जड, मंदाग्नी करणारी आणि पुरुषत्वाला घातक असल्याचा निर्णय दिला. बापूराव त्यांच्या ओट्यासमोर उभे राहून म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमाला लेकरं किती?"

"ईश्वरकृपेनं नऊ."

"मंग तुमी तर खायलाच पाहिजे."

मी वाचनालयातली दोन आरोग्याची पुस्तकं चाळली. एकात सोयाबीन म्हणजे अमृत होतं, दुसऱ्यात गुरांचं खाद्य. दोन्ही लेखकांनी ते खाल्ल्याचा काही पुरावा नव्हता. बापूरावांनी निदान खाल्लं होतं. आणि दोन वर्षांत काकूंच्या बाबतीत एवढं मी डोळ्यांनी पाहिलं, की त्या पुन्हा ओट्यापर्यंत येऊ लागल्या आणि दळणाचा डबा एका हातानं सरकवू लागल्या. वडीमुळे की दोन वेळा कोणी समोर बसून खायला लावतं म्हणून, हे मला सांगता येणार नाही. बापूरावांनाही विचारलं होतं. "ठाऊक न्हाई," म्हणाले. रागावले नाहीत. मला आश्चर्य वाटलं.

आता माझा गुन्हा सांगतो.

मेव्हण्यानं यंदा पेरायला साफ नकार दिला. दाणे संपत आले होते. त्याच सुमारास अन्नखात्याचे एक साहेब व्याख्यानाला येणार असल्याचं पत्र वाचनालयाला आलं. विषय, गरिबांचा सकस आहार. मी बापूरावांना म्हणालो, साहेबांना तुमची वडी करून दाखवा, सरकारातून बियाणं मिळेल.

"मला तमाशा करायचा न्हाई, मास्तर."

"दाणे किती उरलेत?"

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, "हिला तिथं येऊ द्यायचं न्हाई. शेडमधलं तिनं पाह्यलेलं न्हाई. पांढरं पाहून दचकंल."

हे मी नीट ऐकलं होतं. विसरलो असं म्हणायला मला तोंड नाही. मी फक्त वाचनालयाचे अध्यक्ष हस्तीमलशेठ यांना सांगितलं नाही. शेठ कापडवाले, पिढ्यान् पिढ्या जालन्यातले. "मास्तरजी, कार्यक्रम छोटा नको. बिलकुल दणक्यात करू. साहेब येऊन राह्यले." मांडव पडला. हार आले. साहेबांसाठी एक खुर्ची आणि तिच्यावर टाकायला एक गालिचा आला. आणि प्रयोग करणाऱ्याच्या सौभाग्यवतीचाही सत्कार हवा, हे शेठना ऐनवेळी सुचलं. त्यांनी शेठाणीला टांगा देऊन काकूंना आणायला पाठवलं.

साहेब पाऊण तास बोलले. राष्ट्राचं आरोग्य गृहिणीच्या हाती आहे, हे त्यांनी सहा वेळा सांगितलं. मी मोजलं, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मग बापूराव पुढे आले. चूल पेटलेलीच होती. पांढरं पातेलं उकळत होतं. त्यांनी मिठाचं पाणी सोडलं, आणि शे-दीडशे माणसांच्या समोर ते फाटलं. पांढरे गोळे वर आले, निळसर पाणी सुटलं. अगदी नासलेल्या दुधासारखं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी आधीच करून ठेवलेल्या वडीचा एक तुकडा ओठांना लावला, "उत्तम, उत्तम" म्हणाले, आणि रुमालात ठेवला. तो रुमालातच राहिला.

टाळ्या थांबल्या तेव्हा बायकांच्या बाजूला काकू उभ्या राहिलेल्या दिसल्या. मांडवाचा खांब धरून. त्यांची नजर पातेल्यावर होती. बापूरावांनी मान वर केली आणि त्यांच्या हातातला झारा तसाच राहिला. काकू वळल्या. सत्काराचा हार घेऊन शेठाणी मागे धावल्या, तोवर त्या फाटकाबाहेर होत्या.

भिंतीपलीकडून त्या संध्याकाळी पहिल्यांदा काकूंचा आवाज चढलेला ऐकला.

"दोन वर्षं! दोन वर्षं मला दूध चारलं तुमी!"

"दूध न्हाई ते! डाळ आहे, डाळ! देवाशप्पत!"

"तुमाला कुठला आलाय देव? तुमच्या जिवासाठी सोडलं होतं मी. माझ्याच हातानं मोडायला लावलं. उद्या तुमाला काई झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं पाहू?"

मला तेव्हा कुठे कळलं, की ती बाई स्वतःच्या व्रतासाठी भांडत नव्हती. नेम मोडला तर नवरा जाईल, या भीतीनं तिचा आवाज चढला होता. आणि नवरा, ही खात नाही म्हणून ही जाईल, या भीतीनं ओरडत होता. दोघं एकमेकांच्या जिवावर भांडत होते आणि मधे आमचं वाचनालय हार घेऊन उभं होतं.

काकूंनी प्रायश्चित्त म्हणून अन्न सोडलं. नुसतं पाणी. पहिला दिवस बापूरावांनी ओरडण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आले. "तुमच्या वाचनालयाला आग लावा, मास्तर. कार्यकारिणीसकट." मी मान खाली घातली. मग ते त्यांच्या आयुष्यातली सर्वांत अवघड गोष्ट करायला गेले. ज्यांची लेकरं मोजली होती त्या त्र्यंबकशास्त्र्यांना हात जोडले, की घरी चला आणि हे दूध नाही असं तुमच्या तोंडानं सांगा.

शास्त्री आले, त्यांच्या मागोमाग मीही. शास्त्री पाटावर बसले. वडीकडे लांबूनच पाहिलं आणि डोळे मिटून म्हणाले, "गाईचं नाही, म्हशीचं नाही, हे खरं. परंतु जे विरजतं-नासतं ते दुधाच्या जातीतलं, असंही म्हणता येईल. संशय आहे. संशयाला प्रायश्चित्त आहे. मी विधी सांगतो." बाई दोन दिवसांची उपाशी समोर बसलेली आणि हा माणूस विधी सांगतो! मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. बापूरावांनी ते काम माझ्यासाठी ठेवलं नाही. पाटासकट शास्त्री ओट्यावर गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी माफी मागायला म्हणून गेलो. दार उघडं होतं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, चेहऱ्यावर नुसते डोळे उरलेले. मी दारातच थबकलो. बापूराव परसातून पाटा-वरवंटा उचलून आत आणत होते. त्या वयात तो दगड एकट्यानं. त्यांनी तो काकूंच्या पुढ्यात ठेवला. मग भिजलेल्या दाण्यांची परात आणली. ओरडले नाहीत. बहुतेक ओरडणं संपलं होतं.

"तू वाट," म्हणाले. "तुझ्या हातानं. यात गाय कुठं निघते ते पाह्य."

काकूंनी परात पुढे ओढली. मग एक दाणा उचलला, चिमटीत दाबला. साल सुटलं, आत दोन पिवळ्या डाळी. त्या त्यांनी तळहातावर उजेडाला धरून पाहिल्या. मग मूठभर दाणे पाट्यावर टाकले. मोडून जुळलेल्या मनगटानं वरवंटा नीट फिरत नव्हता. बापूरावांनी दुसरं टोक धरलं. दाणे चिरडले, काकूंनी पाणी शिंपडलं आणि पाट्याच्या कडेनं पांढरं पाणी ओघळलं.

काकू थांबल्या. बोट लावून पाहिलं. पुन्हा दाणे टाकले, पुन्हा वाटले. पुन्हा पांढरं.

"डाळच आहे," त्या म्हणाल्या. आणि मग, "हे कुठं शिकला तुमी?"

बापूरावांनी वरवंटा सोडला. मला वाटलं, आता रबराची झाडं येणार.

"कैदेत," ते म्हणाले.

काकूंनीही आपलं टोक सोडलं.

"तारेच्या पलीकडं एक चिनी बाई यायची. म्हातारी. तिचा पोरगा जपान्यांनी नेल्ता म्हणे. माझे पाय सुजले होते, उठता येत नव्हतं. लोक मरूनच राह्यले होते. ती फडक्यात बांधून आणायची अन् तारेखालून सरकवायची. मलाच का, ते ठाऊक न्हाई. तिची बोली मला येईना, माझी तिला. मी बोटानं विचारलं, हे काय? तर हातानं दाखवायची. असं भिजवायचं, असं वाटायचं, असं दाबायचं. रोज दाखवायची. मला वाटतं, तिला बोलायलाच कुणी नव्हतं."

"मंग?"

"मंग एक दिवस आली न्हाई. परत आलीच न्हाई."

"बारा वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "एकदाबी बोलला न्हाईत."

"काय बोलायचं? तू इकडं दूध सोडून बसल्ती अन् मी तिकडं कुणाच्या हातचं..."

"जेवत होता," काकू म्हणाल्या.

त्यांनी हे अगदी हळू म्हटलं. काकूंनी पदरानं हात पुसले. "रोज पानावर बसलं की वाटायचं, यांना कुणी वाढलं असंल का. साडेतीन वर्षं रोज. तुमी आलात तरी ते गेलं न्हाई. तुमी सांगितलंच न्हाई कधी." मग म्हणाल्या, "चूल पेटवा."

मी तेव्हा निघायला हवं होतं. पाय उचलले नाहीत. बापूरावांनी आतल्या चुलीवर, काकूंच्या डोळ्यांदेखत, तीन उकळ्या दिल्या. ते फाटलं तेव्हा काकू जराशा मागे सरल्या, पण नजर हलवली नाही. फडकं त्यांनीच पिळलं. येसर नव्हतं, वेळही नव्हता. तव्यावर परतून, मीठ लावून, दोन वड्या आणि अर्धी भाकरी बापूरावांनी त्यांच्यापुढे ठेवली.

काकूंनी एक तुकडा मोडला. तोंडाशी नेला नाही.

"नाव काय तिचं?"

"ठाऊक न्हाई. विचारायला जमलंच न्हाई."

काकूंनी ताटाशेजारची जमीन ओल्या हातानं पुसली. तो पहिला तुकडा तिथे ठेवला, गेलेल्या घरच्या माणसाच्या नावानं ठेवतात तसा, आणि त्याच्याभोवती पाणी फिरवलं.

"बिननावाचा ठेवते," म्हणाल्या. "तिला कळंल."

मग दुसरा तुकडा मोडला आणि खाल्ला. बापूराव त्यांच्यासमोर उकिडवे बसून तो चावून, गिळून होईपर्यंत पाहत राहिले.